व्यापाऱ्याच्या म्हणण्याची पत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात व्रत, तप आणि दान ह्या विषयांवर बोलणारे अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. आजचा विषय मात्र दुकानातला आहे. सरकार जे कायदे करते, जे कर बसविते आणि जे नियम काढते, त्यांविषयी गावोगावच्या व्यापाऱ्याने आपले म्हणणे कसे मांडले, ते केव्हा ऐकले गेले आणि केव्हा वाऱ्यावर गेले, असा हा विषय आहे. समाजातील बहुसंख्य कुटुंबांची चूल व्यापारावर पेटते. तेव्हा ह्या सभागृहात तो निघणे कोणास अस्थानी वाटू नये.

राहू गाव मुळा-मुठा आणि भीमा ह्या नद्यांमधल्या पट्ट्यात वसलेले आहे. हा भाग राहू बेट म्हणूनच ओळखला जातो. उसाची शेती, गुऱ्हाळांचा धूर, अलीकडे दौंड तालुका आणि भीमेपलीकडे शिरूर, असे येथील गिऱ्हाइकाचे जग. येथल्या पेठेत नवा नियम येतो, तो राजपत्रातून येत नाही. तो पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावरून येतो, किंवा करसल्लागाराच्या फोनवरून. दुकानदार कपाळाला हात लावतो, शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसून दहा मिनिटे सरकारच्या नावाने बोलतो, चहा पितो आणि गल्ल्यावर परत येतो. ते बोलणे बहुधा खरे असते आणि पुष्कळदा शहाणपणाचेही असते. परंतु पायरीवरचे बोलणे पायरीवरच राहते. जेथे निर्णय होतो तेथपर्यंत ते पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी निर्णय होऊन गेल्यानंतर पोहोचते.

ह्याचे पहिले आणि सर्वांत कटू उदाहरण शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. ते शिरूर तालुक्यातीलच आहे. १८७४ च्या अखेरीस तालुक्यातील करडे गावी एका मारवाडी सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर गावातील देशमुखाचे घर मिळविले आणि ते पाडून टाकले. गावाने त्या सावकारावर आणि त्याच्या जातभाईंवर बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतात कोणी राबेना, त्यांचे पाणी कोणी भरीना, त्यांच्या दुकानी कोणी जाईना. पुढील काही महिन्यांत हे लोण आसपासच्या गावांत पसरले आणि १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे गुजर सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर लोक चालून गेले. मग शिरूर, इंदापूर, पुरंदर आणि नगर जिल्ह्याचा दक्षिण भाग ह्या साऱ्या मुलखात तेच घडत गेले. इतिहासात ह्यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. जमावाचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांना खतपत्रे आणि वह्या हव्या होत्या. त्या मिळाल्या की चौकात होळी पेटे आणि जमाव पांगे.

आजच्या श्रोत्यांपैकी काहींच्या पूर्वजांची नावे त्या काळच्या वह्यांवर असतील, आणि म्हणूनच ह्या प्रसंगाविषयी समाजात फारसे बोलले जात नाही. परंतु न बोलून तो पुसला जात नाही. सावकाराकडून अन्याय झालाच होता. हुकूमनाम्यात घेतलेले घर पाडून टाकण्यात कोणताही व्यापार नव्हता. तरीही प्रश्न एवढ्यावर संपत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात कापसाचे भाव चढले, त्या तेजीत शेतकऱ्याला सढळ कर्ज मिळाले, आणि युद्ध संपताच भाव कोसळले. अशा वेळी सरकारने फेरआकारणी करून जमीनमहसूल वाढविला, आणि तो रोखीने व ठरलेल्या तारखेस हवा होता. ती रोकड देणारा गावात एकच मनुष्य होता. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दस्तास तीन वर्षांची मर्यादा घातली. कायदा ऋणकोच्या रक्षणासाठी केलेला होता. प्रत्यक्षात त्याचे फळ उलट निघाले. मुदत संपू नये म्हणून सावकार दर तीन वर्षांनी जुने मुद्दल आणि साचलेले व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेऊ लागला, आणि निरक्षर शेतकरी त्यावर अंगठा देऊ लागला. ऋणको ज्या कायद्याने वाचावयाचा, त्याच कायद्याने तो बुडाला.

हे घडणार हे त्या काळी कोणाला दिसत नव्हते काय? दिसत होते. खतावणी लिहिणाऱ्या प्रत्येक मुनिमाला दिसत होते. परंतु ते सरकारास कोणी सांगितले नाही. सांगण्यात सावकाराचा तोटा होता, आणि न सांगण्यात तात्पुरता नफा. दंग्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्यापुढे सावकारांच्या आणि रयतेच्या दोघांच्याही हकिगती नोंदल्या गेल्या, आणि सावकारांनाही तेव्हा आपले म्हणणे मांडावेसे वाटले. पण वह्या जळून गेल्यानंतर मांडलेल्या म्हणण्याला किती वजन राहणार? १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. ऋणकोला पावती देणे, हिशेब देणे आणि मागितल्यास पासबुक देणे सावकारावर बंधनकारक झाले. पावती आणि हिशेब! ज्या व्यापाऱ्याची वही म्हणजे त्याची अब्रू, त्याला ह्या दोन गोष्टी कायद्याने शिकवाव्या लागल्या. ह्याहून मोठी नामुष्की ती कोणती?

जैन श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितलेले आहेत, त्यांत खोटी वजनेमापे, मालात भेसळ आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन हे तीनही येतात. प्रतिक्रमणात त्यांचा उच्चार होतो. राज्याचा नियम मोडणे हा दोष मानला, तर नियम चुकीचा आहे हे राज्यास वेळेवर आणि खरेपणाने सांगणे हाच व्यापाऱ्याला उरलेला सन्मार्ग होय. नियम मोडून गप्प बसणारा आणि नियम पाळून कुढणारा, दोघेही त्या मार्गाने जात नाहीत.

कापडाच्या व्यापाराचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होते. १८९४ साली परदेशी कापडावर आयात जकात बसली, तेव्हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या दडपणाने हिंदुस्थानी गिरण्यांवरही अबकारी कर लादण्यात आला. १८९६ पासून गिरणीत विणलेल्या देशी कापडावर साडेतीन टक्के हा कर ठरला. लँकेशायरच्या व्यापाऱ्याचे म्हणणे सरकारने ऐकले, मुंबईच्या व्यापाऱ्याचे ऐकले नाही, असा हा सरळ हिशेब आहे. विरोध सतत चालू राहिला. मात्र डिसेंबर १९२५ मध्ये कर स्थगित होऊन १९२६ साली तो रद्द होईपर्यंत तीस वर्षे गेली. त्या तीस वर्षांत एक गोष्ट शिकली गेली, ती म्हणजे एकेकट्याने अर्ज करून काही होत नाही. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद ह्यांच्या पुढाकाराने १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली, आणि पुण्यात १९३४ साली आबासाहेब भट ह्यांनी मराठा चेंबर काढले. आज ह्या संस्था मोठ्या उद्योगांच्या वाटतात. परंतु लहान गावच्या दुकानदाराचेही म्हणणे एकत्र करून सरकारपुढे ठेवावे, ही त्यांची मूळ भूमिका होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळाकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण कापडवाल्यांनी आपली पत कशी मिळविली आणि कशी गमावली, ते तेथे दिसते. १९४३ च्या मध्यापर्यंत कापडाचे भाव युद्धापूर्वीच्या चौपटीहून वर गेले होते. गरिबाला धोतर-लुगडे मिळेना. जून १९४३ मध्ये सरकारने कापड व सूत नियंत्रण आदेश काढला. त्यासाठी जे वस्त्र नियंत्रण मंडळ नेमले, त्यात धंद्यातलेच लोक घेतले आणि अध्यक्षपदी गिरणीमालक कृष्णराज ठाकरसी ह्यांना बसविले. कापडावर शिक्का मारून किंमत छापण्यात येऊ लागली, साठा किती काळ ठेवावा ह्याला मर्यादा आली. ज्यांना नियम लागू होणार, त्यांनाच नियम ठरविण्याच्या मेजाभोवती बसविलेले होते, आणि भाव काही प्रमाणात खाली आलेही. काळाबाजार झाला नाही असे नव्हे. तो झाला, आणि कोणी केला हे प्रत्येक पेठेला ठाऊक होते.

युद्ध संपले, स्वातंत्र्य आले, आणि व्यापारी वर्गाने एकमुखाने मागणी केली की नियंत्रणे उठवा, माल बाजारात येईल, भाव आपोआप उतरतील. महात्मा गांधींचाही कल नियंत्रणे काढण्याकडे होता. जानेवारी १९४८ मध्ये कापडावरचे नियंत्रण उठले. त्यानंतर भाव उतरले नाहीत, ते भडकले. फाळणीमुळे सिंध आणि पश्चिम पंजाबातील कापसाचा मुलूख पाकिस्तानात गेला होता, म्हणजे टंचाई खरीही होती. परंतु जे ताग्यावर तागे रचून ठेवीत होते त्यांना फाळणीचे कारण पुढे करता येणार नाही. सात महिन्यांच्या आत, जुलै १९४८ अखेर, सरकारने पुन्हा नियंत्रणाचा निर्णय घेतला. तेव्हापासून पुढे पुष्कळ वर्षे दिल्लीतल्या अधिकाऱ्यापुढे एखाद्या व्यापारी शिष्टमंडळाने 'बंधन काढा, बाजार सावरेल' असे म्हटले की त्याला १९४८ साल आठवत असे. एकदा दिलेला शब्द बाजाराने पाळला नाही, त्याची किंमत ज्यांनी साठा केला नव्हता अशा हजारो दुकानदारांनीही चुकती केली.

ह्याउलट जेथे व्यापाऱ्यांचे गाऱ्हाणे आणि सरकारची सोय एकत्र आली, तेथे काम किती शांतपणे झाले तेही पाहावे. स्वातंत्र्यानंतर प्रत्येक राज्याचा विक्रीकर निराळा होता. कापडाच्या दुकानदाराला नोंदवह्यांचा जाच, आणि राज्याला कर बुडण्याची चिंता. डिसेंबर १९५६ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेत राज्यांनी मान्य केले की गिरणीचे कापड, साखर आणि तंबाखू ह्यांवर विक्रीकराऐवजी केंद्राने कारखान्यातच जादा उत्पादन शुल्क घ्यावे आणि ते राज्यांना वाटून द्यावे. १९५७ साली तसा कायदा झाला. कर गिरणीच्या दारात वसूल होऊ लागला, आणि राहूपासून रत्नागिरीपर्यंत कापडाच्या दुकानातून विक्रीकराची वही गेली. ती पुढे जवळजवळ साठ वर्षे आली नाही. त्याच सुमारास, १९५८ ते १९६२ ह्या काळात, दशमान पद्धती आली आणि वार जाऊन मीटर आला. पहिल्या दिवसांत भांडणे पुष्कळ झाली. वार हा मीटरपेक्षा सुमारे साडेआठ सेंटिमीटर आखूड, तेव्हा वाराच्या भावात मीटर मागणारे गिऱ्हाईक आणि मीटरच्या भावात वार मोजणारा दुकानदार असे दोन्ही नमुने पाहावयास मिळाले. तेवढे सोडता ह्या बदलाविरुद्ध कोणी मोठा आवाज उठविला नाही, आणि ते योग्यच झाले.

गेल्या काही वर्षांत म्हणणे मांडण्याचा एकच मार्ग उरला आहे असा समज रूढ झाला, तो म्हणजे दुकाने बंद ठेवणे. २०१२ साली सराफांनी दागिन्यांवरील एक टक्का अबकारीविरुद्ध बंद पाळला आणि त्या वर्षी मे महिन्यात तो प्रस्ताव मागे घेतला गेला. २०१६ साली तोच कर पुन्हा आला, सराफांनी त्याहूनही दीर्घ बंद पाळला, आणि कर राहिला. कार्यपद्धतीत काही सवलती मिळाल्या, इतकेच. २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत एलबीटीविरुद्ध पुण्यासह अनेक शहरांच्या पेठा बंद राहिल्या. राहूची ग्रामपंचायत एलबीटी घेत नव्हती, तरी रविवार पेठेतला घाऊक बाजार बंद म्हणून येथल्या दुकानांत लग्नसराईच्या तोंडावर माल नव्हता. एलबीटी लहान व्यापाऱ्यांपुरता १ ऑगस्ट २०१५ पासून उठला, म्हणजे आंदोलनानंतर दोन वर्षांनी. बंदमुळे सरकारचे लक्ष जाते ह्यात शंका नाही. परंतु गिऱ्हाइकाचे घरचे लग्न अडते तेव्हा ते सरकारवर रागावत नाही, ते दुकानदारावर रागावते.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, आणि १९५७ पासून विक्रीकराच्या वहीची सवय सुटलेल्या कापडवाल्यांची खरी परीक्षा तेथून सुरू झाली. कापडावर पाच टक्के. सुरतच्या व्यापाऱ्यांनी त्या जुलैत अनेक दिवस बाजार बंद ठेवला, मोर्चे काढले. पाच टक्के कमी झाले नाहीत. मात्र ६ ऑक्टोबर २०१७ च्या परिषदेच्या बैठकीत कृत्रिम धाग्याच्या सुतावरील कर अठरावरून बारा टक्क्यांवर आला आणि दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही विवरणपत्राची सोय मिळाली. १ एप्रिल २०१९ पासून मालाच्या व्यापारासाठी नोंदणीची मर्यादा वीस लाखांवरून चाळीस लाख झाली आणि कंपोझिशनची मर्यादा दीड कोटी झाली. राहूसारख्या गावातील किती तरी दुकानांना ह्या दोन आकड्यांनी श्वास घेऊ दिला. परंतु हे आकडे कोणाच्या निवेदनांमुळे बदलले, हे विचारले तर येथल्या पेठेत उत्तर मिळत नाही, कारण ती निवेदने येथून गेलीच नव्हती.

आता २०२१ सालचा प्रसंग घेऊ. कृत्रिम धाग्याच्या कापडात कराची साखळी उलटी होती. धाग्यावर अठरा टक्के, सुतावर बारा आणि कापडावर पाच. कच्च्या मालावर जास्त कर भरावयाचा आणि विक्रीवर कमी वसूल करावयाचा, त्यामुळे उत्पादकाचा पैसा परताव्यात अडके. ही अडचण दूर करण्यासाठी १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौच्या बैठकीत वस्त्रांच्या दरांत फेरबदल ठरला आणि १८ नोव्हेंबरला अधिसूचना निघाली की १ जानेवारी २०२२ पासून कापड आणि हजार रुपयांपर्यंतचे तयार कपडे ह्यांवर बारा टक्के. म्हणजे उलटी साखळी सरळ करण्यासाठी वरचा आकडा उतरविण्याऐवजी खालचा आकडा चढविला. सुती कापडाला ही उलटी साखळी नव्हतीच. तेथे कापूस, सूत आणि कापड तिन्हींवर पाच टक्के होते. तरी तेही ह्यात सापडले.

राहूच्या दुकानात ह्याचा अर्थ काय होता? पाचशे रुपयांच्या साडीवर पंचवीस रुपये कर होता, तो साठ झाला असता. लग्नसराईसाठी दहा लाखांचा माल डिसेंबरात भरून ठेवलेला असेल, तर त्यावर भरलेला कर पन्नास हजार. तोच माल जानेवारीत खरेदीच्या भावात विकला तरी कर एक लाख वीस हजार. मधले सत्तर हजार गिऱ्हाइकाकडून मागावयाचे, किंवा नफ्यातून द्यावयाचे. आणि कंपोझिशनमधला दुकानदार? त्याला गिऱ्हाइकाकडून कर मागता येत नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही. त्याला नव्या दहा लाखांच्या मालावर सत्तर हजारांची खरेदीच महाग झाली असती. ह्या साध्या गुणाकारात त्या वेळचे सगळे म्हणणे सामावलेले होते.

त्या सहा आठवड्यांत देशभरच्या कापड संघटनांनी नेमके हेच केले. नुसता कर नको म्हटले नाही. सुती आणि कृत्रिम ह्यांतला फरक मांडला, विकल्प सुचविला, आणि मुख्य म्हणजे आपापल्या राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे गेले. हा रस्ता नीट समजून घेण्यासारखा आहे. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश वजन आहे, आणि निर्णयास तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे दर दिल्लीत ठरतो, तरी त्याची एक चावी प्रत्येक राज्याच्या राजधानीत आहे. गुजरातच्या अर्थमंत्र्यांचे पत्र केंद्रीय अर्थमंत्र्यांकडे गेले, इतर राज्यांनीही विरोध नोंदविला, आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी, दर लागू होण्याच्या आदल्या दिवशी, परिषदेने तातडीच्या बैठकीत वस्त्रांवरील वाढ पुढे ढकलली. त्याच बैठकीत पादत्राणांवरची वाढ मात्र तशीच राहिली. चपलांच्या दुकानदाराला १ जानेवारीपासून बारा टक्के लावावे लागले. तो कमी प्रामाणिक होता असे नव्हे.

ह्या गोष्टीचा पुढला भाग २०२५ साली घडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम धागा अठरावरून पाचवर आणि त्याचे सूत बारावरून पाचवर आले. वरचा आकडा खाली आणा, हे चार वर्षांपूर्वीचे म्हणणे अखेर पदरात पडले.

राहूच्या गुळाचेही एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. १८ जुलै २०२२ पासून पूर्ववेष्टित आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पीठ ह्यांबरोबर गुळावरही पाच टक्के कर आला. गुऱ्हाळवाला आणि आडत्या गोंधळून गेले. कापडात गुंडाळलेली ढेप वेष्टित म्हणावयाची काय? व्यापाऱ्याच्या नावाची चिठ्ठी म्हणजे लेबल काय? देशभरातून असेच प्रश्न गेले, आणि अर्थ मंत्रालयाने लागू होण्याच्या आदल्या दिवशी प्रश्नोत्तरांचे परिपत्रक काढून सांगितले की एकच वेष्टन पंचवीस किलोहून अधिक असेल तर हा कर नाही, आणि तसा मोठा डाग फोडून किरकोळीत सुटा विकणाऱ्यालाही नाही. केवळ प्रश्न विचारल्याने एवढे स्पष्ट झाले. गुळाच्या भागातून, ढेपेच्या वजनाची आणि बांधणीची माहिती देऊन, आणखी दोन-चार प्रश्न आधीच गेले असते तर आडत बाजारातला तो आठवडा इतका घालमेलीत गेला नसता.

आधी विचारण्याची सोय कायद्यातही आहे. नियम करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करावा असे मूळ कायद्यात लिहिलेले असेल, तर हरकती व सूचना मागविणे सरकारवर बंधनकारक आहे. ही तरतूद १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टपासून चालत आलेली आहे. २०१४ साली केंद्राने धोरण ठरविले की नव्या कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा. हे धोरण प्रत्येक वेळी पाळले जाते असे नाही. करांचे दर तर बहुधा मसुद्यावाचूनच ठरतात. तरीही दुकाने व आस्थापना, वजनेमापे, अन्नसुरक्षा, बाजार समिती ह्या विषयांत मसुदा निघतो, तारीख दिलेली असते, आणि ती तारीख गावात कोणी वाचत नाही. ते काम एखाद्या बी.कॉम. झालेल्या तरुणाकडे सोपवावे, महिन्यातून एकदा राजपत्र पाहावे, एवढी व्यवस्था दौंड आणि शिरूर तालुक्यांच्या व्यापाऱ्यांना मिळून करता येण्यासारखी आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही.

सध्याच्या दरांतही विचार करण्यासारखे एक ठिकाण आहे. सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलात अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के अशी रेघ आखली गेली. पूर्वीची रेघ हजार रुपयांवर होती आणि वरचा दर बारा होता. म्हणजे सामान्य कपड्याला दिलासा मिळाला आणि समारंभाचा कपडा महागला. साडी ही कापड म्हणून गणली जात असल्याने शालू कितीही किमतीचा असो, पाच टक्केच. आता एका लग्नाचा बस्ता डोळ्यांपुढे आणावा. नवरीचा शालू पाच टक्क्यांत, करवलीचा शिवलेला घागरा अडीच हजारांवर गेला की अठरात, आणि नवरदेवाची शेरवानीही अठरात. ज्वारीच्या किंवा गुळाच्या पैशावर लग्न काढणाऱ्या शेतकऱ्याला ही चैन आहे, असे दुकानात उभे राहून कोणी म्हणणार नाही. परंतु किती बस्त्यांत ही रेघ आडवी येते, तयार कपडा सोडून कापड घेऊन शिंप्याकडे जाणारी गिऱ्हाइके वाढली की नाही, किती विक्री जवळच्या शहरात गेली, हे सांगितल्यावाचून ही तक्रार पायरीवरचीच राहील.

ते आकडे दुसरीकडे कोठे शोधावयास नकोत. गतवर्षीची बिलबुके आणि खतावण्या दिवाळीच्या वहीपूजनानंतर लाल फडक्यात बांधून माळ्यावर गेलेल्या आहेत. येत्या लग्नसराईची खरेदी सुरू होण्यापूर्वी त्या एकदा खाली काढाव्यात, अडीच हजारांच्या वरची आणि खालची बिले निराळी करावीत, आणि दहा-वीस दुकानांची बेरीज एका कागदावर घेऊन तो कागद मुंबईस राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे, पुढील बैठकीच्या आधी, पाठवावा.